भांग-गांजाचे वाण : एकाच पातेल्यातली ठंडाई, एकाला हसू आणि दुसऱ्याला धडधड, असं का?

रामबागवाला (धागाकर्ता)

इंदूरची रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) संपली की आमच्या मंडळींत दरवर्षी हाच वाद पेटतो, म्हणून यंदा सरळ इथे धागा काढतोय. ठंडाई एकाच पातेल्यातली. एक जण तासभर कशावरही हसत सुटतो, एक जण ताट बाजूला सारून तिथेच घोरायला लागतो, आणि एक जण स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून 'माझं काही खरं नाही रे' म्हणत कोपऱ्यात बसतो.

भाचा टोरांटोला असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे सगळं कायदेशीर आहे. तो म्हणतो, "मामा, तुम्हाला स्ट्रेनच कळत नाही. इंडिका झोपेची, सॅटिवा उत्साहाची, हायब्रिड मधली. माणूस बघून निवडायची." मला हे जरा जास्तच सोपं वाटतं. जाणकारांनी सांगावं : वाणावाणांत खरंच फरक असतो का, आणि कोणाला काय मानवतं हे आधी कळू शकतं का?

एक विनंती. कुठे मिळते आणि कितीला मिळते, हे या धाग्यावर नको.

सराफ्यातला_भुक्कड

भिया, वाण-बिण माहीत नाही. भांगेनंतर भुट्ट्याचा कीस, गराडू, खोपरा पॅटिस आणि वर जिलबी जाते हे माहीत आहे. जागा राखून ठेवतो, मोठ्यांनी लिहा.

निमाडी_माती

रामबागवाले, भाच्याला सांगा की इंडिका-सॅटिवा हा भेद मुळात झाडाच्या अंगकाठीचा आहे, नशेचा नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं ते युरोपात वाखासाठी (दोरांच्या धाग्यासाठी) लावत त्या झाडाला, कॅनाबिस सॅटिवा. पुढे १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून इंडिका वेगळी काढली, कारण ही झाडं जास्त नशिली आहेत असं त्याच्या कानावर होतं. म्हणजे लामार्कची इंडिका ही आपल्याकडची उंच, बारीक पानांची झाडं.

आता गंमत बघा. आज परदेशी दुकानात 'इंडिका' म्हणून मिळते ती बुटकी, रुंद पानांची, हिंदुकुशाकडच्या अफगाणी झाडांच्या वंशातली. आणि 'सॅटिवा' म्हणून मिळते ती बारीक पानांची, केरळ, थायलंड, मेक्सिको, कोलंबिया अशा उष्ण मुलखांतून गेलेल्या बियाण्याची. लामार्कला उठवून विचारलं तर तो या दुसरीलाच इंडिका म्हणेल. १९७० नंतर कॅलिफोर्नियात आणि मग हॉलंडमध्ये या दोन्ही गोतांचा इतका संकर झाला की शुद्ध काही उरलंच नाही म्हणा. त्यामुळे 'हायब्रिड' ही तिसरी जात नव्हे, बाजारात आहे ते जवळजवळ सगळं तेच आहे.

खरे वेगळे वाण म्हणजे एकेका मुलखात पिढ्यान् पिढ्या टिकलेले. हिमाचलातल्या मलाण्याची झाडं हातावर मळून चरस काढण्यासाठी निवडली गेली, केरळातल्या इडुक्कीची फुलोऱ्यासाठी, कुमाऊँ-गढवालकडची वाखासाठी आणि बियांसाठी. पहाडात भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, तिला नशा नसते. माणसाने ज्यासाठी निवडलं, झाड तसं होत गेलं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर खंडवा. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये जो हेंप ड्रग्ज कमिशन बसवला, त्याच्या अहवालात खंडव्याच्या गांजाचं नाव ठळक आहे. नगर आणि बंगालातलं नौगाव यांच्याबरोबरीने. तिथे सरकारी परवान्याने शेती होती. यातली मुख्य कारागिरी काय, तर नर झाडं वेळेत ओळखून उपटणं. परागकण मिळाले नाहीत की मादी झाड बी धरत नाही, फुलोरा वाढवत राहतं आणि त्यावर राळ साठते. नौगावला तर नर हुडकणारा खास माणूस मजुरीने बोलावत. आज अमेरिकेत ज्याला मोठ्या कौतुकाने 'सिन्समिया' म्हणतात ते हेच, आणि आपल्या शेतकऱ्याला ते शंभर वर्षं आधी येत होतं.

आता नावांबद्दल. सोयाबीनच्या पिशवीवर जेएस ३३५ लिहिलेलं असतं, तेव्हा त्यामागे अधिसूचना असते, प्रमाणित बियाण्याचा टॅग असतो, आत दुसरंच निघालं तर तक्रार करायला जागा असते. 'ब्लू' अमुक आणि 'पर्पल' तमुक यामागे अनेक दशकं असलं काहीच नव्हतं. धंदाच चोरीछुपे चाललेला, मग नोंद ठेवणार कोण? एकाच नावाचं दोन दुकानांतलं झाड एकमेकांचं भाऊबंदही नसू शकतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जनुकं तपासून हेच दाखवलं होतं.

नाव_नको

मी कॅनडात नोकरीला आहे, मूळचा लोकमान्य नगरचा. निमाडी_माती यांना दंडवत. इथे दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा नावं सांगत बसतो, पण जुने गिऱ्हाईक डब्याच्या पाठीमागचे आकडे वाचतात. टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) किती, सीबीडी (नशा न आणणारं दुसरं द्रव्य) किती, आणि 'टोटल टीएचसी' किती. हा 'टोटल' महत्त्वाचा, कारण तापवल्यावर एकूण किती निघू शकेल ते तो सांगतो. खायच्या वस्तूंवर इथे मर्यादा आहे, एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी. इंदूरच्या गेरीतल्या ठंडाईत किती मिलिग्रॅम असतात, हे घोटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या पातेल्याचं कोडं मला तरी इथेच सुटलेलं दिसतं. भांग तळाशी बसते, पहिला ग्लास आणि शेवटचा ग्लास सारखा कसा असेल?

पिथमपूर_शिफ्ट

औषध कंपनीत विश्लेषण विभागात आहे, त्यामुळे रसायनाची बाजू माझ्याकडे.

झाडात टीएचसी नसतंच म्हटलं तरी चालेल. ताज्या झाडात असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. ते नशा करत नाही. उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होतं. चिलमीत हे क्षणात होतं, वाळवताना आणि साठवताना हळूहळू. ताजी पानं वाटून गार दुधात घातली आणि वाळलेली पानं तुपात परतून घातली, या दोन ठंडाया एक नव्हेत. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दूध, तूप, बदाम, मगज घालणाऱ्या पूर्वजांना हे रेणूंच्या भाषेत माहीत नव्हतं, पण जिभेला आणि डोक्याला माहीत होतं.

आता वाण. सीबीजीए नावाचा एक कच्चा माल झाड बनवतं. त्यावर दोन विकरं (एन्झाइम) टपलेली. एक त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए. कुठलं विकर चालतं हे मुख्यतः वारशाने ठरतं, आणि त्यावरून झाडांचे तीन ढोबळ गट पडतात : टीएचसी भरपूर आणि सीबीडी नाममात्र, दोन्ही बऱ्यापैकी, आणि सीबीडी भरपूर पण टीएचसी नाममात्र. वाखाची झाडं तिसऱ्या गटात. वाणांमधला सगळ्यात खणखणीत, मोजता येणारा फरक हाच. अफगाणी चरसाच्या जुन्या वाणांत सीबीडी चांगलं असायचं. नंतर लोकांनी फक्त टीएचसी वाढवण्यासाठी निवड केली आणि ते गळून पडलं. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातलं सरासरी टीएचसी १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ मध्ये ते १२ च्या घरात गेलं. म्हणून 'आम्ही कॉलेजात ओढायचो, काही झालं नाही' हा अनुभव आजच्या मालाला लावू नका.

मग वास. वास टर्पिनांचा, म्हणजे झाडातल्या सुगंधी तेलांचा. मिरसीन आंब्यातही असतं, लिमोनीन संत्र्याच्या सालीत, पायनीन चिडाच्या झाडात, लिनालूल लव्हेंडरात, आणि कॅरिओफिलीन मिऱ्यात आणि लवंगेत. २०२१ च्या एका अभ्यासात 'इंडिका' आणि 'सॅटिवा' शिक्क्यांची जनुकांशी सांगड जवळजवळ लागली नाही, थोडीफार लागली ती अशाच काही टर्पिनांशी. 'इंडिका' म्हणवणाऱ्यात मिरसीन जास्त. म्हणजे पिकवणारे वास घेऊन शिक्का मारतात, असं दिसतं.

टर्पिनांमुळे नशेचा सूर बदलतो का? इथे दुकानदार फार बोलतात आणि पुरावा फार थोडा. एक बरा प्रयोग २०२४ मध्ये आला. थोड्या निरोगी लोकांना टीएचसीबरोबर लिमोनीनची वाफ दिली, तर घाबरेपणा कमी झाला, बाकी नशा तशीच राहिली. पण लिमोनीनची ती मात्रा नेहमीच्या फुलोऱ्यात असते त्यापेक्षा बरीच जास्त होती. ठंडाईत मिरी आहे म्हणून धडधड होणार नाही, असं कृपया कोणी समजू नये.

आणखी एक. जुना माल झोपाळू असतो असं गांजेकस म्हणतात. हवेने आणि उजेडाने टीएचसीचं सीबीएन नावाचं वेगळं द्रव्य होतं आणि टर्पिनं उडून जातात हे खरं. मात्र सीबीएनने झोप येते ही जाहिरातच जास्त आहे.

जुनी_इंदूर_ताई

हा धागा इथे हवाच होता का? आपल्या घरातली कॉलेजची मुलंही इथे वाचतात. भांग हा महाकाळाचा प्रसाद म्हणून वर्षातून एकदा ठीक. त्याचं असं शास्त्र मांडलं की मुलांना वाटतं परवानगीच मिळाली.

रामबागवाला

ताई, राग समजतो. पण मुलं वाचतातच आहेत, फक्त इथे नाही, रील्सवर. तिथे 'इंडिका प्या आणि शांत झोपा' एवढंच सांगतात. इथे निदान कोणीतरी आकडा सांगतंय.

डॉ_सुदामानगर

ताईंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण होळी-रंगपंचमीच्या रात्री जी मंडळी इमर्जन्सीत येतात ती मी बघते. जवळजवळ सगळी खाल्लेली किंवा प्यायलेली असतात, ओढलेली कमी. कारण सांगते.

ओढलं तर काही मिनिटांत कळतं, माणूस थांबतो. पोटातून गेलं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच होत नाही. 'चढली नाही' म्हणून दुसरा ग्लास, वर भांगेची गोळी. मग यकृत टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, ते मेंदूत आणखी सहज शिरतं, आणि सगळं एकदम येतं. सहा-आठ तास टिकतं, कधी त्याहून जास्त. वाण कुठलाही असो, हा मार्गाचा फरक वाणाच्या फरकाहून मोठा आहे.

आता 'एकाला हसू, दुसऱ्याला धडधड'. पहिलं कारण मात्रा. टीएचसी थोडं असलं की ताण उतरतो, जास्त झालं की तेच टीएचसी घाबरवतं. शिकागोतला २०१७ चा प्रयोग आहे : ७.५ मिलिग्रॅमने लोकांचा ताण कमी झाला, १२.५ ने वाढला. फरक पाच मिलिग्रॅमचा! ठंडाईच्या डावाला असा हिशेब कुठून येणार? दुसरं, यकृतातलं सीवायपी२सी९ हे विकर काही लोकांत जन्मतःच मंद असतं. त्यांच्या रक्तात तेवढ्याच घोटाने टीएचसी जास्त चढतं आणि जास्त वेळ राहतं. तिसरं, सवय. रोज घेणाऱ्याच्या मेंदूतले सीबी१ ग्राहक (टीएचसी ज्यांना चिकटून काम करतं ते) कमी झालेले असतात, त्याला काही होत नाही म्हणून त्याच्या बरोबरीने नवख्याने प्यायची नसते. सोडल्यावर महिनाभरात ते ग्राहक बहुतांशी भरून येतात, म्हणजे 'माझी पूर्वीची कपॅसिटी' हाही भ्रमच. आणि चौथं, त्या दिवशीचं मन, रिकामं पोट, ऊन, बरोबर दारू आहे का.

नाडी धरून बसणाऱ्या मित्राबद्दल : नाडी खरंच वाढते, हा टीएचसीचा नेहमीचा परिणाम आहे. तरण्या माणसात बहुधा आपोआप उतरते. हृदयविकार असलेल्याने या वाटेला जाऊच नये. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, असंबद्ध बोलणं थांबेना, तर लिंबू-लोणचं चाटवत बसू नका, दवाखान्यात आणा आणि काय घेतलं ते खरं सांगा. आम्ही पोलीस नाही.

कोणाला कुठलाच वाण मानवत नाही हेही लिहिते. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार असेल तर नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, नाही. मेंदूची वाढ चालू असलेली मुलं, म्हणजे विशीच्या आत-बाहेरची सगळी, नाही. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या युरोपातल्या अभ्यासात, १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची) शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. इथे वाण फार महत्त्वाचा ठरतो, फक्त भाचा म्हणतो त्या अर्थाने नाही.

भांगेत_तुळस

डॉक्टरबाई, सगळं पटलं, पण आयुर्वेदाला तुम्ही लोक कायम बाहेर बसवता. विजया म्हणून ही वनस्पती शतकानुशतकं वापरात आहे. जातिफलादि चूर्णात ती असते, अतिसारावर आणि ग्रहणीवर देतात. शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. प्रकृती बघून देतात. 'कोणाला काय मानवतं' हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. पित्ताच्या माणसाला ती भडकते हे माझी आजी सांगायची.

पिथमपूर_शिफ्ट

शोधनाबद्दल सहमत, धुण्या-परतण्याने पानातलं बरंच काही बदलतं. प्रकृतीबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्या यंत्रावर पित्त दिसत नाही. एवढंच म्हणेन की चूर्णातली विजया कुठल्या शेतातली, नर की मादी, फुलोरा मिसळला होता का, यावर टीएचसी दसपट इकडे-तिकडे होऊ शकतं. माणसाची प्रकृती बघता, तशी पानाचीही बघा.

भांगेत_तुळस

हे मान्य. याच कारणासाठी औषध कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये भांग आहे, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची म्हणून. चौकातल्या भांगेच्या मुनक्का गोळीवरची ती ओळ वाचतो कोण?

वकील_पलासिया

कायदा थोडक्यात, नाहीतर धाग्याचा काश्मीर होईल. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजात मोडत नाहीत. चरस म्हणजे राळ, तीही बंदीतच. म्हणून पानांची भांग राज्याच्या अबकारी खात्याकडे जाते आणि आपल्या मध्यप्रदेशात परवान्याची दुकानं दिसतात. दुसऱ्या राज्यात नियम वेगळा असू शकतो, प्रवासात सोबत नेताना 'आमच्याकडे चालतं' हे उत्तर उपयोगी पडत नाही. गांजा १ किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' आणि २० किलोहून जास्त असेल तर 'व्यावसायिक', पण अल्प म्हणजे माफ नव्हे, त्यालाही एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

आणि भाच्याला निरोप : टोरांटोहून गमी किंवा व्हेपचं काडतूस 'मामासाठी' बॅगेत घालून आणायचं नाही. तिथलं बिल इथल्या कस्टम्सला चालत नाही.

सराफ्यातला_भुक्कड

म्हणजे आपण भांग पितो त्यात वाणाचा प्रश्नच नाही? पानंच तर आहेत.

निमाडी_माती

आहे, पण दबलेला. फुलोऱ्यापेक्षा पानात राळेच्या ग्रंथी फारच कमी, त्यामुळे भांग मुळातच सौम्य. वाणाचा फरक पानातही उतरतो, फक्त दुकानातल्या गोळ्यात जंगली आणि लावलेलं, कोवळं आणि जून, सगळं एकत्र वाटलेलं असतं. गोळा हिरवा दिसतो आणि हिरवाच लागतो, एवढीच त्याची ओळख. त्यात बारीक शेंडे मिसळले गेले तर त्याच दुकानातला कालचा आणि आजचा गोळा वेगळा लागेल.

रामबागवाला

सर्वांचे आभार. आता खरा खासगी प्रश्न. सासूबाईंना गुडघेदुखी आणि झोप नाही. कोणीतरी सीबीडी तेल सुचवलं, 'यात नशा नाही, वाखाच्या वाणाचं आहे' म्हणून. त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात. द्यावं का?

डॉ_सुदामानगर

त्या गोळीचं नाव आधी सांगा. वॉरफेरिन असेल तर स्वतःहून अजिबात नाही. सीबीडी तेच सीवायपी२सी९ विकर अडवतं, वॉरफेरिन रक्तात साठतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघितल्याशिवाय कोणी सुरू करू नये.

सीबीडी कामाचं नाही असं नाही. अमेरिकेत जून २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट, शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं. पण तिथली मात्रा वजनावर मोजून, रोज शेकड्यांत मिलिग्रॅम, आणि यकृताच्या तपासण्यांसकट. बाटलीतल्या दोन थेंबांशी त्याचा संबंध नाही. गुडघ्यासाठी पुरावा अजून पातळच आहे.

नाव_नको

आणि बाटलीवर 'हेंप ऑइल' लिहिलं असेल तर नीट बघा. बियांचं तेल हे खाद्यतेल आहे. भारतात २०२१ मध्ये बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून मान्यता मिळाली. त्यात सीबीडी जवळपास नसतंच. वाखाच्या बियांचं तेल वेदनाशामकाच्या भावात खपवणारे इथेही आहेत.

रामबागवाला

गोळी वॉरफेरिनच आहे, आत्ता डबी बघितली. बाटलीवर 'हेंप सीड ऑइल', मागे सीबीडीचा आकडाच नाही. परत करतोय. सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे आयएनआरची तारीख आहे, तेव्हा झोपेचंही विचारतो.

जुनी_इंदूर_ताई

गुडघ्याला फिजिओथेरपी बघा रामबागवाले. माझ्या जाऊबाईंना मांडीचे व्यायाम करून जिना चढता येऊ लागला. आणि दुपारचा चहा चारनंतर बंद करायला सांगा, झोपेचं निम्मं तिथेच असतं.